मीटर माझ्याकडे वळवणाऱ्या काकांस

वायरिंगवाले काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही कोण जाणे. फोनवरचं काही लांबलचक असलं की पुतणी वाचून दाखवते असं म्हणाला होतात, तेव्हा तिच्याकरवी तरी पोचावं. पाटण रस्त्याला तुमच्या शेडसमोर दोरी लावून ओढत आणलेली पांढरी गाडी आठवतेय ना? तीच मी. सोमवारी पार्किंगला लावलेली ती गाडी आता शनिवारी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. कॉलनीत कुणाच्या दारात दुसऱ्या गाडीचा करंट घ्यायची जम्पर केबल मागायला जावं लागत नाही. याच गाडीपायी आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख हुकली होती. सोप्यावर चपला घालून बसलेली आई मला अजून दिसते, म्हणून एवढं लिहायला बसले.

तुमच्याआधी ही गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. काचेचं केबिन, एसी, मशीनचा चहा, सगळं होतं. फक्त गाडी कुणी बघत नव्हतं. आधी म्हणाले बॅटरी गेली, नवी घाला. घातली. आठवड्यात तीही झोपली. मग म्हणाले बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघावा लागेल. गाडी चालू असताना चार्जिंग चौदा व्होल्टच्या वर व्यवस्थित दाखवत होतं, तरी अल्टरनेटर! नळ गळतोय म्हणून टाकी बदलायची, तसला प्रकार. आणि शेवटी काउंटरवरचा मुलगा माझ्या भावाकडे बघून म्हणाला, "सर, मॅडम गाडी कमी वापरत असतील. रोज एक राउंड मारायला सांगा." गाडी माझी, हप्ता माझा, लायसन्स माझं. भाऊ नुसता सोबतीला आलेला.

तुम्ही काय केलंत ते इथे सगळं लिहीत नाही, त्यातलं निम्मं मला कळलंही नाही. गाडीला दार लागलंय असं वाटावं म्हणून दाराच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते "बंद" केलंत, बॅटरीच्या निगेटिव्हची क्लिप काढून मध्ये करंट मोजायचा मीटर लावलात आणि चक्क बसून राहिलात. "गाडी झोपू दे आधी, आतलं सगळं शांत होऊ दे. आत्ता मोजलं तर खोटं दाखवंल," म्हणालात. दरम्यान एक ट्रॅक्टरवाला घाई करत आला, त्यालाही थांबवलंत.

अर्ध्या तासाने तुम्ही मीटर उचललात. भाऊ तुमच्या शेजारीच उभा होता, मी जरा मागे. तुम्ही त्याला वळसा घालून आलात, मीटरचं तोंड माझ्याकडे केलंत आणि म्हणालात, "ताई, वाचा."

शून्य पॉइंट सहा.

"पाव अँपिअरसुद्धा लय झाला. चांगली गाडी झोपल्यावर पॉइंट झिरो पाचच्या आत खाती. ही पॉइंट सहा खातीय. तुमची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. करा हिशोब." मी केला. पस्तीस भागिले पॉइंट सहा, अठ्ठावन्न तास. म्हणजे सोमवारी रात्री लावली तर गुरुवारी सकाळपर्यंत बॅटरी पार रिकामी, आणि सेल्फ मारण्याइतका दम तर त्याच्या कितीतरी आधीच संपणार. मी किती चालवते, कशी चालवते, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. ते तुम्ही तोंडाने म्हणालाही नाहीत. मला आकडा वाचायला लावलात, बस्स.

काका, तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले होते. तुम्ही बहुधा ऊन लागलं समजलात, पाणी मागवलंत.

पुढे फ्यूज एकेक काढत गेलात तरी आकडा हलेना. माझा धीर सुटला आणि तुम्ही खूश झालात! "म्हंजे फ्यूजबॉक्सच्या भायेरचं काम हाय." बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जास्तीची लाल वायर धरून तुम्ही मॅटखालून सीटपर्यंत गेलात आणि मला हात घालायला सांगितलात. सीटखालचा, टेपचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर कोमट लागला. किल्ली माझ्या पर्समध्ये, टेप बंद, आणि ॲम्प गरम! आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला, आणि बसवणाऱ्याने टेपकडून येणारी, टेप बंद झाला की ॲम्पलाही बंद करणारी रिमोटची वायर ओढायचा कंटाळा करून तिथेच प्लसला तुकडा जोडून दिलेला. तो ॲम्प रात्रंदिवस जागाच. तुम्ही लाल वायर सोडवलीत आणि मीटर पॉइंट झिरो तीनवर आला. तोही आधी मलाच दाखवलात.

मजुरी तुम्ही घेतलीत, अगदी रोखठोक, आणि ते मला आवडलं. माणुसकी म्हटली की आपल्याकडे लोकांना फुकट काम आठवतं. मला वाटतं, कामाचे पैसे घ्यावेत, पण काम काय केलं ते समोरच्याला दाखवावं, आणि न सापडलेल्या दोषाचं खापर गिऱ्हाइकाच्या माथी फोडू नये. "अजून सापडलं न्हाई, बघतो," एवढं म्हणणारा डॉक्टर, प्लंबर, साहेब मिळणंसुद्धा आजकाल मुश्कील झालंय.

नवी बॅटरी दोन-तीनदा पूर्ण उतरल्यामुळे तिचं आयुष्य थोडं घटलंय असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तो खर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे मी त्या काचेच्या केबिनवाल्यांना लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

ॲम्प माझ्याकडे पिशवीत पडून आहे. गावी जाताना आईला अभंग मोठ्याने लागतात, तेव्हा तो नीट रिमोट वायर ओढून परत बसवायचा आहे. दिवाळीनंतर येते. भावाला आणणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पांढऱ्या गाडीवाली ताई