तायक्वांदोच्या वर्गात घोडाही यावा

मा. संपादक,

गोव्यात गावोगावी तायक्वांदोचे वर्ग चालतात, मुले मन लावून शिकतात, याचा आनंदच आहे. मात्र कोरियाची युद्धकला म्हणजे हजारो वर्षांची लाथांची परंपरा, असे जे मुलांच्या मनावर बिंबते ते दुरुस्त व्हायला हवे. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ सालचे. कोरियाच्या जोसन राजवटीच्या सैन्यासाठी १७९० मध्ये ‘मुयेदोबोतोंगजी’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यातल्या २४ प्रकारांत नुसत्या हातापायांनी लढण्याचा प्रकार एकच आहे, घोड्यावरचे मात्र सहा.

हे सहा नंतर आले. जपानी आक्रमणाच्या धामधुमीत, १५९८ मध्ये, पायदळाचे सहा प्रकार प्रथम लिहिले गेले. १७५९ मध्ये युवराज सादोने ते अठरा केले आणि त्याचा मुलगा राजा जोंगजो याने त्यांत घोड्यावरचे सहा घातले: भाला, जोडतलवारी, लांब दांड्याचे चंद्रकोरी पाते, साखळीचे दांडके, चौगान (म्हणजे पोलोसारखा घोड्यावरून चेंडू मारण्याचा खेळ) आणि घोड्यावरच्या कसरती.

जोडतलवारींचा प्रकार गोमंतकीयांना चटकन समजेल. शिगम्यात डिचोली-सत्तरीकडच्या घोडेमोडणीत नाचणाऱ्याच्या डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात तलवार असते. कोरियन स्वाराच्या दोन्ही हातांत तलवारी, मग लगाम धरायचा कुठे? घोडा मांड्यांच्या दाबावर आणि शरीराच्या झुकावावरच चालवायचा. तसा शिकलेला घोडा नसेल तर पहिल्याच वळणावर सगळे बिघडते. शिवाय पाते एका बाजूकडून दुसरीकडे नेताना ते घोड्याच्या मानेवरून जाते. हात जरा खाली आला की जखम आपल्याच घोड्याला.

साखळीचे दांडके पायदळाचे लांब, स्वाराचे आखूड. लांब दांड्याचे टोक परतताना घोड्याच्या डोक्यावर बसायचे. या शस्त्राचा मोठा गुण म्हणजे ते शत्रूच्या अंगात रुतत नाही. भरधाव घोड्यावरून भाला रुतला तर तो सोडून द्यावा लागतो, नाहीतर मनगट जाते.

कसरतींना कोणी सर्कस समजू नये. पळत्या घोड्यावर उभे राहून तीननळी बंदूक उडवणे, घोड्याच्या कुशीला लपणे, मेल्यासारखे आडवे पडणे, हे सगळे त्यांत होते. सतराव्या शतकात कोरियाच्या राजदूतमंडळाबरोबर जपानला गेलेल्या स्वारांनी एदो शहरात (आजचे टोकियो) या कसरती करून दाखवल्या. चौगानही लष्करी परीक्षेत होते, कारण भरधाव घोड्यावरून जमिनीपर्यंत झुकून पुन्हा खोगिरावर सावरणे त्यातूनच अंगवळणी पडते.

धनुष्य या सहांत नाही, पण तेही स्वाराचेच हत्यार, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कोरियन धनुष्य म्हशीचे शिंग, बांबू, तुतीचे लाकूड आणि जनावरांचे स्नायू एकावर एक चिकटवून बनते. डिंक माशाच्या भोताचा (पोटातल्या हवेच्या पिशवीचा), तोही आपल्या घोळीच्याच कुळातल्या माशाचा. आखूड असल्यामुळे ते घोड्याच्या मानेवरून सहज डावी-उजवीकडे फिरते. पण दमट हवेत डिंक सैल पडतो आणि थर सुटतात. आपल्याकडे आषाढात दारे-खिडक्या फुगतात, त्यावरून कल्पना यावी. १३८८ मध्ये सेनापती यी सोंग-ग्ये याने चीनकडच्या लियाओदोंग प्रांतावरच्या मोहिमेला विरोध करताना जी चार कारणे दिली, त्यांत पावसाळ्यात धनुष्यांचा डिंक सुटतो हेही होते. तो सरहद्दीवरच्या यालू नदीतल्या बेटावरून सैन्यासह मागे फिरला आणि १३९२ मध्ये त्यानेच जोसन राजवट स्थापन केली.

घोडदळाला जमीन नडते ती अशी: १५९२ मध्ये सेनापती सिन रिप याने जोर्योंगची डोंगरखिंड सोडून चुंगजूजवळ तांगुमदेला, नदी पाठीशी घेऊन, जपानी सैन्याला तोंड दिले. मोकळ्यावर घोडे दौडतील हा हिशोब होता. पण समोर भातशेतीचा चिखल होता. आपल्या खाजनात ऐन पावसात घोडा घालून पाहावा, म्हणजे काय झाले ते कळेल. वेग गेला, धडका वाया गेल्या आणि रुतलेले स्वार जपानी बंदुकांचे सोपे लक्ष्य झाले. पाठीमागे नदी असल्याने माघारही नव्हती.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत या सहा प्रकारांची ग्रंथातली चित्रे नावांसह छापावीत, आणि प्रशिक्षकांनी ती वर्गाच्या भिंतीवर लावावीत, ही विनंती.

— एक वाचक, डिचोली