पेटी २८०० ची, भाडं १९३१ चं : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. प्रल्हाद जोशी साहेब,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

आपण धारवाडचे खासदार, मी बेळगावातल्या शहापूरचा. मध्ये जेमतेम पाऊणशे किलोमीटरचा हमरस्ता. म्हणून दिल्लीच्या मंत्र्याला लिहितोय असं न धरता शेजाऱ्याला लिहितोय असं धरून लिहितो. विषय आहे जुन्या वस्तूंच्या ॲपवर आधी न दाखवल्या जाणाऱ्या डिलिव्हरीच्या भाड्याचा.

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता उंदरांनी कुरतडला. दुरुस्तीवाला म्हणाला, सूरही गेलेत, यात पैसे घालू नका. नवी घ्यायची तर वर्गणीत बसेना आणि कार्तिकी तोंडावर आलेली. मग जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर मी नाशिकच्या एका गृहस्थांची पेटी शोधून काढली. साडेतीन सप्तकं, खर्ज-नर सूर, किंमत २८०० रुपये. फोटोत पॉलिश असं चकाकत होतं की बास. खजिनदारांना आकडा सांगितला, त्यांनी पैसे दिले, मी भरून टाकले. खाली बारीक अक्षरांत 'डिलिव्हरी चार्जेस ॲज ॲप्लिकेबल' असं होतं. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि असतील दोन-तीनशे, असं मनाशी ठरवून मी पुढे गेलो.

चार दिवसांनी कुरिअरचा आकडा आला. पेटीचं वजन १० किलो. पण तिचं खोकं ६५ सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ३५ उंच. कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५००० नं भागतात, आणि काट्यावरचं वजन नि हे आकारमानाचं वजन यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. मी वहीत मांडून बघितलं. ९१००० भागिले ५०००, आले १८.२. वरचा किलो पूर्ण धरून १९. किलोला ७५ रुपयांनी १४२५, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १६८१. खोकं, थर्माकोल आणि चिकटपट्टीचे विकणाऱ्यांनी २५० लावले. एकूण १९३१. पेटी हे हवेवर वाजणारं वाद्य आहे हे कबूल, पण नऊ किलो हवेचं भाडं भरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सौदा मोडतो म्हटलं तर विकणारे म्हणाले, व्यवहार झालाय, आता कसा मोडणार. ॲपवाले म्हणाले, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. खजिनदार एवढंच म्हणाले, "तू अठ्ठावीसशे सांगितलं होतंस." वरचे १९३१ मी खिशातून घातले.

साहेब, यात माझी चूक नाही असं मी म्हणत नाही. गणपत गल्लीत भाजी घेतानाही आम्ही दोन ठिकाणी विचारतो. इथं मात्र पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला दोन ओळींचा मेसेज करायला हवा होता, की बांधल्यावर खोकं केवढं होईल, माझ्या पिनकोडला किती पडेल, बांधणावळ कोणाची, आणि वस्तू खराब निघाली तर परतीचं भाडं कोण देणार. कुणाला विचारलं तर मी आता हेच सांगतो. नुसतं वजन विचारू नका, मापं विचारा. आणि उत्तर लेखी घ्या, फोनवर नको.

पण आपल्या खात्याचे नियम वाचले तेव्हा लक्षात आलं की हा सगळा भार ग्राहकावर टाकायचा हे कायद्यालाही मान्य नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोड द्यायची, त्यात डिलिव्हरी, टपाल, हाताळणी सगळं आलं पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांतल्या तेरा प्रकारांत 'ड्रिप प्रायसिंग' आहे. आमच्याकडे ड्रिप म्हणजे उसाला ठिबक. हे ठिबक ग्राहकाच्या खिशाला लावलेलं, आधी किंमत कमी दाखवायची आणि मग थेंबाथेंबानं वाढवत न्यायची. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं गेलं. हे सगळं चांगलंच आहे.

भोक आहे ते जुन्या वस्तूंपाशी. जी व्यक्ती धंदा म्हणून नव्हे, स्वतःपुरती, कधीमधी काही विकते तिला हे नियम लागू नाहीत. तेही रास्तच आहे. घरातली पडून असलेली पेटी विकणाऱ्या माणसाला तक्रार निवारण अधिकारी नेमायला कोण लावणार? पण त्या माणसाच्या आडोशानं ॲपही सुटतं, ते खटकतं. ॲप धंदाच करतंय ना? फोटो टाकल्याशिवाय ते जाहिरात पुढे सरकू देत नाही. तसंच वजन आणि खोक्याची लांबी-रुंदी-उंची भरल्याशिवाय सरकू देऊ नये. घेणाऱ्यानं पिनकोड टाकला की भाड्याचा आकडा किमतीच्या शेजारी, त्याच टायपात यावा, आणि 'पैसे भरा' हे बटण त्यानंतर. माझं मागणं एवढंच आहे. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, ती उभी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस. त्या सहा आकड्यांवरून कुठून कुठं जायचं ते कळतं, बाकीचा हिशोब माझ्या वहीतसुद्धा झाला.

सीमाभागात याचं दुखणं जरा जास्त आहे. काही कुरिअरच्या दरपत्रकात 'राज्यांतर्गत' असा स्वस्तातला रकाना असतो. त्यामुळे पाचशे किलोमीटरवरचं बेंगळुरू आम्हाला घरचं आणि सव्वाशेच्या आतलं कोल्हापूर परराज्यातलं. आमचा पिनकोड ५९ नं सुरू होतो, हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं की ४१६. मग लोक पार्सल शिनोळीच्या पाव्हण्यांच्या पत्त्यावर मागवतात आणि रविवारी दुचाकीवरून घेऊन येतात. कुणी पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायला सांगतात. एसटीचा भरवसा धरावा तर सीमाप्रश्न तापला की गाडी हद्दीवरच्या कोगनोळीच्या पलीकडेच थांबते.

टपाल खात्याला मात्र राज्याची हद्द दिसत नाही, किलोमीटर दिसतात. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या स्पीड पोस्टच्या दरात २५१ ते ५०० ग्रॅमच्या पाकिटाला २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये, २००० च्या पलीकडे ९३, वर जीएसटी. जुनी पुस्तकं घेणाऱ्यांसाठी तर मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, अधिक कर. कडोली, उचगाव, येळ्ळूरला गावोगाव साहित्य संमेलनं भरवणारी माणसं आहोत आम्ही, जुन्या पुस्तकांचा सोस इथं कमी नाही. पण पुस्तक विकणाऱ्याला हे ठाऊकच नसतं आणि तो शंभराच्या पुस्तकाला दीडशेचं कुरिअर लावतो. ॲपवर भाडं दाखवायची सक्ती केलीत तर कुरिअरच्या आकड्याशेजारी टपालाचाही आकडा यावा.

आपल्या खात्याची १९१५ ही हेल्पलाइन मराठीतही चालते. सीमाभागातल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. तेवढंच ॲपवरचं 'ॲज ॲप्लिकेबल' मराठीत आणि कन्नडमध्ये लिहायला लावा, म्हणजे ते किती पोकळ आहे ते दोघांनाही कळेल.

कार्तिकीला पेटी वाजली. सूर गोड आहेत, मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी तेवढी अडकते, ती फोटोत दिसली नव्हती. खोकं मी अजून माळ्यावर ठेवलंय, लेबलासकट. आपल्या कुणा अधिकाऱ्याला मापं घ्यायची असतील तर केव्हाही यावं.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक ग्राहक