एका ठिपक्यात आठशे तारे

ती. बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ‘दिवसभर पडद्यावर ठिपके हलवून काय मिळतं?’ असे आपण आईजवळ म्हणालात, ते तिच्या पत्रातून कळले. माझे डोळे ठीक आहेत आणि हे काम चित्रे रंगवण्याचे नाही, ताऱ्यांच्या नोंदींवरून आकाशाचा नकाशा पडद्यावर दाखवण्याचे आहे. गाइया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या २०२२ सालच्या सूचीत १८० कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि नेहमीच्या पडद्यावर ठिपके मावतात वीस लाखांच्या आसपास. म्हणजे एकेका ठिपक्याच्या वाट्याला आठशेहून जास्त तारे. म्हणून आकाशाचे तुकडे पाडून त्यांच्या ढोबळ ते बारीक अशा पायऱ्या आधीच रचून ठेवाव्या लागतात, आणि पाहणारा जिथे जाईल तिथलेच तुकडे, हवे तेवढ्याच बारकाव्याने, ब्राउझर मागवतो. त्यामुळे कुठल्याही विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर हे आकाश सरकवता येते. मला हे मोलाचे वाटते.

इथली एक रीत मात्र मला बरेच दिवस कळली नव्हती. आलेखात इंद्रधनुष्याचे रंग कुणी वापरू देत नाही! कारण असे, की आकडे सावकाश वाढत असले तरी पिवळ्या रंगाशी डोळ्याला नसलेली सीमा दिसते आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांची तर फसगतच होते. त्याऐवजी जांभळ्यापासून हिरव्यावरून पिवळ्यापर्यंत जाणारी ‘विरिडिस’ पट्टी घेतात. तिचा उजळपणा एकसारखा वाढतो, म्हणून कृष्णधवल छापली तरी क्रम बिघडत नाही.

त्या रविवारी मी फोन उचलला नाही, त्याचे कारण असे, की नकाशात फार जवळ गेल्यावर पडद्यावरचे तारे थरथरू लागले होते. ग्राफिक्स कार्डाच्या ३२ बिटांच्या आकड्यात सातेक अंकच नेमके राहतात, त्यामुळे ताऱ्यांच्या जागा किंचित चुकत होत्या. प्रत्येक ताऱ्याची जागा त्याच्या तुकड्याच्या मध्यापासून मोजली, तेव्हा कुठे पहाटे ते स्थिर झाले. आईने जागून वाट पाहिली, हे मनाला लागून राहिले आहे.

कर्जाचा हप्ता भरला आहे. लग्नाच्या खर्चासाठी वेगळी रक्कम पुढच्या आठवड्यात पाठवतो. रजा आठच दिवसांची मिळाली, त्यामुळे सगळी तयारी तुमच्यावर टाकून मी पाहुण्यासारखा येणार. चि. धाकटीला कृत्तिकांचा दुवा पाठवला आहे. जागा आणि जवळीक त्या दुव्यातच नोंदलेली असते, तेव्हा मी जिथे थांबलो तिथेच तिचा पडदा उघडेल. सासरी जाण्यापूर्वी तिने तो आईला दाखवावा.

आपला,
बाळ