2016 ची गाणी, माझ्या नंबरांनुसार

बंड्या,

डोंबिवलीला बसून तू ऑर्डर सोडलीस की 2016 ची टॉप पाच गाणी लिहून पाठव, फोनवर नको. तर घे. आधीच सांगतो, व्ह्यूज वगैरे मी बघत नाही, माझा नियम एकच, डीजेची भिंत काढून घेतली तरी गाणं उभं राहतंय का ते बघायचं.

पाचवं काला चष्मा. नव्वदच्या दशकातलं पंजाबी गाणं, मूळ गायक अमर अर्शीचाच आवाज ठेवून बादशाह आणि नेहा कक्करला जोडीला घेतलं, त्या वर्षी एक हळद याच्याशिवाय गेली नाही. बास, याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

चौथं सैराटमधलं झिंगाट. हो, चौथं! ओरडू नको. अरे त्या वर्षी गणपती आले 5 सप्टेंबरला, त्याच दिवशी जिओ सुरू झालं, तोपर्यंत आपण शेअरइटवर एकमेकांकडून गाणी ओढत होतो. तेव्हा बेंजोवाले आरतीनंतर दुसरं काही वाजवायलाच तयार नव्हते. पण मला खरी मजा आली ती जाखडीत, आपल्या कोकणातल्या गणपतीच्या नाचात. शाहिराने गण एकदम रीतसर घेतला, सगळे हात जोडून उभे, आणि गवळण सुरू झाली ती थेट झिंगाटच्या चालीवर! शब्द सगळे कृष्णाचे, गोपी दही घेऊन मथुरेला निघालेल्या, ढोलकी मात्र झिंगाटची, आणि पोरं पायात चाळ बांधून अशी फिरत होती की अंगणातला सारवलेला थर उडाला. म्हाताऱ्या पण हसत होत्या. नियमात बसतं म्हणजे गाणं, पण डोकं दुखेपर्यंत ऐकलंय रे, म्हणून चौथं.

तिसरं चन्ना मेरेया. दिवाळीच्या सुट्टीत धोपाव्याहून दाभोळला जाताना फेरीबोटीत कुठल्यातरी चाकरमान्याच्या गाडीत लागलेलं, काचा खाली, अरिजित फुल व्हॉल्यूमवर. प्रेमभंग वगैरे आपला काही नव्हता तरी खाडी संपेपर्यंत कोणी बोललं नाही. प्रीतमचं काम चोख आहे. पिक्चर, ऐ दिल है मुश्किल, मला झेपला नाही, ते असो.

दुसरं व्हेंटिलेटर पिक्चरमधलं बाबा. हे तुला पटणार नाही कारण तू प्रियांका चोप्राचं व्हर्जन ऐकून नाक मुरडलं होतंस. ती काय मुरलेली गायिका नाही, पण तिचे वडील 2013 मध्ये गेले, ते आवाजात लागतंच. पिक्चरमधलं रोहन प्रधानचं ऐक. गणपती तोंडावर आलेत, घरातला मोठा माणूस व्हेंटिलेटरवर, आणि सगळे नातेवाईक हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये जमून आपापली मतं देतायत, म्हणजे आपलंच घर की रे! आमच्या अण्णांशी मी कधी दोन वाक्यांच्या वर बोललो नाही, हे गाणं लागलं की ते उठून ओटीवर जायचे, मी पण आवाज कमी करायचो नाही.

आणि पहिलं, सैराटमधलंच आताच बया का बावरलं. सगळे याड लागलं म्हणतील. ते मोठंच आहे, हॉलिवूडच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलेलं, सुरुवातीची व्हायोलिनं वाजली की अंगावर काटा येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, वेलदूरला होड्या वर ओढलेल्या, खलाशी शेडमध्ये जाळी शिवत बसलेले आणि कोपऱ्यात मोबाईल स्टीलच्या डब्यात उभा ठेवून याड लागलं परत परत, कारण डब्यात आवाज घुमतो. तिथेच पुढचं गाणं लागायचं श्रेया घोषालचं, आणि माझं लक्ष त्याच्याकडे जायचं. आपल्या पिक्चरांत बहुतेक वेळा पोरगा झुरतो, पोरीने नुसतं लाजायचं. इथे बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची स्वतःच गडबडलीय आणि स्वतःलाच विचारतेय, हे काय झालं म्हणून, ते पण गावच्या बोलीत. अजय-अतुलने ठोका असा हलका ठेवलाय की श्रेयाचा श्वास पण ऐकू येतो. डीजेवर हे गाणं फुकट जातं, डब्यातल्या मोबाईलवर सोनं.

आता तुझी लिस्ट पाठव. सैराट झालं जी राहिलं म्हणून शिव्या देणार तू, मला माहितीये, पण पाच म्हणजे पाच. आणि चतुर्थीला येशील तेव्हा तो जुना मेमरी कार्डवाला स्पीकर घेऊन ये, इथला बिघडलाय.

तुझा,
गण्या