दोन लिटर ॲसिडनं जमिनीचा पीएच उतरत नसतो

मा. संपादक साहेब,

द्राक्षाची छाटणी जवळ आली की आमच्या तासगाव भागात दुकानांत 'जमिनीचा पीएच कमी करा'वाल्या बाटल्या दिसायला लागतात, एकरी दोन लिटर ड्रिपमधून सोडा म्हणतात आणि माती तपासणीच्या रिपोर्टवर पीएच (म्हणजे सामू, आम्ल-अल्कलीचा आकडा, ७ च्या वर अल्कली) ८.३ बघून घाबरलेला माणूस घेतोच. हे थांबावं म्हणून लिहितोय.

फवारणीच्या पाण्याचा पीएच आपल्या बागायतदारांना चांगला कळतो. जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) मारायच्या आधी टाकीत थोडं थोडं सायट्रिक ॲसिड टाकून पीएचची पट्टी बुडवायची, हिरवट-निळी पट्टी सावकाश पिवळी होते, कारण बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आधी ॲसिड खातं. पण टाकीतलं बायकार्बोनेट संपतं, जमिनीतला चुना संपत नाही.

आपल्याकडची बरीच काळी जमीन चुनखडीची. ढेकळावर लॅबमधल्या पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, लगेच फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. चुना, विरघळलेलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल ठरलेला असतो, तुम्ही ॲसिड सोडलं की अजून थोडा चुना विरघळतो आणि सामू परत आठाच्या आसपास येऊन बसतो. हिशोबच करा ना, एकराचा वरचा सहा इंचाचा थर साधारण ९ लाख किलो, ५ टक्के चुनखडी धरली तरी ४५ टन, आणि तेवढी संपवायला सल्फ्युरिक ॲसिड लागेल ४४ टन!

लॅटरलची, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांची, क्षारानं बुजलेली भोकं साफ करायला ॲसिड जरूर सोडा. लोहाच्या कमतरतेनं पानं पिवळी पडत असतील तर अशा जमिनीत टिकणारं ईडीडीएचए चिलेटेड लोह (ईडीडीएचए या रसायनानं धरून ठेवलेलं, पिकाला घेता येणारं लोह) आहे. नदीकाठची चोपण जमीन, म्हणजे सामू ८.५ च्या वर, ही वेगळी गोष्ट, तिथं दुखणं सोडियमचं, त्याला जिप्सम आणि पाण्याचा निचरा पाहिजे.

वाईट याचं वाटतं की बारावीची पोरं पीएच मांडणारा सोरेन्सन, १९०९, समतोलाचा नियम सांगणारा ल शातेलिए सगळं धडाधडा म्हणतात, पीएचचा एक पॉईंट म्हणजे आम्लतेत दहा पट फरक हेही त्यांना पाठ असतं, पण घरच्या रिपोर्टवरचा ८.३ वडिलांना समजावून सांगता येत नाही. सरांनी प्रॅक्टिकलला पोरांना आपापल्या रानातली माती आणायला सांगावी. आणि शेतकऱ्यांनी माती तपासायला देताना मुक्त चुनखडीचा टक्का मागून घ्यावा, नुसता पीएच बघून बाटली घेऊ नये.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली