युद्धाची घाई आणि खटल्याची तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकाने ‘आता एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावा, शेजारी देश नकाशावर दिसता कामा नये’ असे लिहिले आहे. त्यामागचा संताप समजतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये धर्म विचारून माणसे मारली. गेलेल्या २६ जणांत सहा आपल्या महाराष्ट्रातले होते. रक्त खवळले नाही तरच नवल.

पण सोक्षमोक्ष लावायला जाणार कोण, हे सातारा जिल्ह्यात कुणाला विचारावे लागत नाही. आमच्याकडे अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते ते उगीच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले, त्यांचे स्मारक आजही गावात आहे. मे २०२५ मध्ये सुट्टीवर आलेल्या पोरांना तातडीने परत बोलावले, तेव्हा सातारा स्टँडवर एक आजी नातवाच्या बॅगेतली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून पुन्हा पुन्हा नीट ठेवत होती. पोरगा फोनवर गाडीची चौकशी करत होता. शेजारच्या चहाच्या गाड्यावर मोबाइलवर बातमी चालू होती, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची. ऐकणारे टाळ्या देत होते. ती बातमी धादांत खोटी निघाली. वाहिन्यांपैकी किती जणांनी कान धरले, ते आपणच सांगा.

गैरसमज नको. समोर बंदूक घेऊन उभा आहे त्याला गोळीनेच उत्तर द्यावे लागते. लष्कर त्यासाठीच आहे आणि ते आपले काम चोख करते. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना काय मिळाले?

माझी सगळी नोकरी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून गेली. त्यामुळे असे काही घडले की माझे डोके भाषणांपेक्षा पंचनाम्याकडे धावते. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे फक्त लाठी घेऊन उभे होते. कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. त्यांना अशोकचक्र मिळाले, त्यांच्यावर भाषणे होतात, चौकात फलक लागतात. पण त्यांच्यामुळे एक आरोपी जिवंत हाती लागला आणि म्हणून खटला उभा राहिला, हे भाषणात सहसा येत नाही.

तो खटला आठवून पाहा. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय. पायाला गोळी लागलेली शाळकरी मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने कसाबला ओळखले. आरोपीला वकील दिला म्हणून तेव्हा केवढी ओरड झाली होती! मे २०१० मध्ये शिक्षा, पुढे उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. (फाशीबद्दल माझे मत वेगळे आहे, तो विषय इथे नको.) आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. त्यांच्याविरुद्ध पोलिसांचा मोठा पुरावा म्हणजे मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडलेला हाताने काढलेला नकाशा. कपडे रक्ताने भिजलेले आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही! देश सुडाने पेटलेला असताना न्यायाधीशांनी हे बघितले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते मान्य केले. त्या निकालाकडे जगात कुणाला बोट दाखवता आले नाही.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रतिनिधिगृहात लष्करी बळाच्या ठरावावर मतदान झाले, ४२० विरुद्ध १. विरोधात एकट्या बार्बरा ली. वीस वर्षे अफगाणिस्तानात युद्ध चालले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा काबूलमध्ये येऊन बसले. तेही सोडा. त्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून खालिद शेख मोहम्मदला मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला. त्याला वकील देण्याऐवजी तोंडावर पाणी ओतून गुदमरवण्याचा छळ १८३ वेळा केला. परिणाम असा की छळाने मिळवलेला जबाब कोर्टात चालेल की नाही, यावरच ग्वांतानामोतल्या अमेरिकी लष्करी न्यायालयात तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि वीस वर्षे उलटून गेली तरी खटला पुरा झाला नाही. आपण चार वर्षांत निकाल लावून मोकळे झालो होतो. आपली कोर्टे म्हणजे दिरंगाई असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा शेजारी शेजारी मांडून बघावे.

अर्थात आपली पाठ थोपटून घ्यावी असेही नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते सगळे निर्दोष ठरवले. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळखपरेड टिकली नाही, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सिद्ध झाले नाही. बारांतला एक तोपर्यंत तुरुंगातच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, तिथे काय व्हायचे ते होईल. त्याच महिन्याच्या अखेरीस २००८ च्या मालेगाव स्फोटातलेही सातही आरोपी सुटले. म्हणजे दोन्ही ठिकाणी माणसे मेली, आणि मारले कुणी हे कागदावर कुठेच नाही. या दोन निकालांनंतर ‘मग खरे गुन्हेगार कुठे आहेत?’ म्हणून साताऱ्यात एक मोर्चा निघाला नाही. एका बाजूने पेढे वाटले, दुसऱ्या बाजूने शिव्या दिल्या, आणि कोण कुठल्या निकालावर काय करणार हे आरोपींच्या नावावरून आधीच ठरलेले होते.

पहलगामचेच बघा. मे महिन्यातले पाकिस्तानशी लढाईचे ते चार दिवस आटोपले, पूंछमध्ये तोफगोळ्यांनी शाळकरी मुलेसुद्धा गेली, पण बैसरनचे मारेकरी तेव्हा मोकळेच होते. ते सापडले आणि चकमकीत मारले गेले जुलैच्या शेवटी. ते हेच कशावरून, तर बैसरनला पडलेल्या पुंगळ्या त्यांच्या रायफलींशी चंदीगडच्या प्रयोगशाळेत जुळल्या, असे सरकारने लोकसभेत सांगितले. या कामाला घोषणा नसतात, रात्र रात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावे लागते.

त्याच हल्ल्यात पती गमावलेल्या, लग्नाला आठवडाही न झालेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने सांगितले होते की मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्यायही हवा. तिला आपल्याच लोकांनी समाजमाध्यमांवर इतके घाणेरडे बोलून घेतले की राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावे लागले. जिचे कुंकू गेले तिला देशभक्ती शिकवणारे आपण कोण?

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणे आहे. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणला, तेव्हा आपल्या पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळा होता. त्यानंतर त्याच्या खटल्याच्या बातम्या आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली शोधाव्या लागतात. महिन्यातून एकदा, रविवारच्या अंकात चालेल, अशा प्रलंबित खटल्यांची चौकट छापा. किती साक्षीदार झाले, किती फितूर झाले, सरकारी वकील नेमला की नाही, पुढची तारीख कोणती. माहिती गोळा करायला माणूस हवा असेल तर मी मोकळाच आहे, आणि कोर्टाचा रोजनामा वाचता येतो.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा