फ्रीज घेण्याआधी: बेस वाजवणाऱ्या लेकीला पत्र

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बेस गिटारसाठी घ्यायच्या कॅबिनेटांचे, म्हणजे स्पीकरच्या खोक्यांचे, तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. पहिला तो छातीपर्यंत येणारा, आठ स्पीकरचा. दुसरी फोर बाय टेन (दहा इंची चार स्पीकरचं) आणि एका पंधरा इंचीची जोडी. तिसरा आपल्याकडच्याच एका डॉल्बीवाल्याचा अठरा इंची डबा, स्वस्तात मिळतोय म्हणून. फोनवर सांगितलेले आकडे तू विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय. मत आधीच सांगून टाकतो: तिन्ही नकोत. आठ ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) एक टू बाय टेन घे, आणि जमेल तेव्हा तस्संच दुसरं.

कॅबिनेट बघायच्या आधी तुझ्या हेडच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, मागची पट्टी वाच. तिथे ‘४ ओहमला ५०० वॅट’ लिहिलंय आणि त्याच्या शेजारी ‘कमीत कमी ४ ओहम’. म्हणजे आठ ओहमच्या एका कॅबिनेटवर ते साधारण अडीचशे ते तीनशे वॅट देईल. आठ-आठची दोन जोडलीस की मिळून चार होतात, तेव्हा पूर्ण ताकद. चार ओहमचं एकच घेतलंस तर ताकद पहिल्या दिवशीच मिळेल, पण पुढे दुसरं जोडायची वाट बंद. चार आणि चार मिळून दोन, चार आणि आठ मिळून २.६७, दोन्ही चारच्या खाली. मग हेडमधून जास्त करंट ओढला जातो, ते तापतं आणि ऐन गाण्यात स्वतःला वाचवायला प्रोटेक्टमध्ये जाऊन गप्प बसतं. गप्प बसलं तर नशीब समज, नाहीतर आउटपुट उडतं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) हेडचा हिशेब निराळा: तिथे मागचा ओहमचा टॅप कॅबिनेटशी जुळवावा लागतो आणि कॅबिनेट न जोडता ते कधी चालू करायचं नाही. तुझं तसलं नाही, पण दुसऱ्या कुणाचं हाताशी आलं तर ध्यानात असू दे.

आता तो आठ स्पीकरचा. बेसवाले त्याला फ्रीज म्हणतात ते उगाच नाही. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचं एसव्हीटी हेड काढलं, त्याच्या जोडीचं हे १० इंची आठ स्पीकरचं बंद खोकं. बेसचा आवाज स्टेजवरूनच मैदानभर पोचवायचा, त्या काळातली ही सोय. त्याच घराण्यातलं एसव्हीटी-८१०ई हे मॉडेल घे: ४८ इंच उंच, २६ इंच रुंद, वजन ६३ किलोच्या आसपास, चार ओहम. रिक्षात जात नाही, त्याला छोटा हत्तीच लागतो, आणि जिन्यावर दोन दणकट माणसं. आपल्या पेठेतल्या वाड्याचा जिना तुला माहीत आहे, वळणावर ते उभंच राहील.

पण वजन हे दुय्यम. तुला ते हवंय ‘खोल’ आवाजासाठी, आणि तिथेच गफलत आहे. तुझ्या बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी तर ३०.९ वर. आणि एवढ्या मोठ्या खोक्याचा आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो! तरी ते भरदार का वाजतं? कारण ई तारेतून ४१ च्या जोडीला ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही निघतात, आणि कान त्यांच्यावरून मूळ स्वर जुळवून घेतो. आठ स्पीकर मिळतात ते मोठ्या आवाजासाठी, खोलीसाठी नव्हे. खोली ठरते ती स्पीकरची घडण, खोक्याचं आकारमान आणि हवेच्या तोंडाचं ट्यूनिंग यांवर. नीट बांधलेलं एक बारा इंची कॅबिनेट त्या फ्रीजपेक्षा खाली जाऊ शकतं, फक्त तेवढ्या जोरात वाजणार नाही.

‘पंधरा इंची म्हणजे जास्त बेस’ हेही असंच. दहा इंची कोनचं, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्याचं, क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटिमीटर, बारा इंचीचं ५३०, पंधरा इंचीचं ८५५. म्हणजे चार दहा इंची मिळून १४००, एका पंधरापेक्षा कितीतरी जास्त हवा ढकलतात. फोटोतल्या जोडीत दोन्ही कॅबिनेटं आठ ओहमची आहेत, म्हणजे ५०० वॅटचे दोन समान वाटे होणार. दहा इंची प्रत्येकाच्या वाट्याला ६२ वॅट, आणि पंधराच्या एकट्याच्या डोक्यावर २५०. आधी कोण ओरडणार ते उघड आहे. शिवाय दोन वेगळ्या घडणीच्या खोक्यांचे आवाज काही पट्ट्यांत एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये येतात, म्हणजे एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, तिथे स्वर खाल्ले जातात. म्हणून म्हणतो, दोन घ्यायची तर एकाच मॉडेलची.

डॉल्बीवाल्याच्या डब्याचं मात्र नाव काढू नकोस. तो डबा क्रॉसओव्हरमागे (आवाजाच्या पट्ट्या वाटणाऱ्या यंत्रामागे) शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचंच वाजवायला बांधलेला असतो, वरचं काम टॉपचं, म्हणजे वेगळ्या वरच्या डब्यांचं. बेस गिटारचं बोट, तारेची खणखण, स्लॅपचा (तारेवर मारलेल्या थापेचा) टणका हे सगळं ७०० ते ३००० हर्ट्झच्या आसपास. ते त्या डब्यातून बाहेरच पडत नाही. मिरवणुकीत छाती हलवायला तो ठीक. तुझी ओळ कुठली आणि ड्रमवाल्याचा किक कुठला, हे त्यातून कळणार नाही.

टू बाय टेन निवडताना कागदावरच्या तीन गोष्टी बघ. पहिली ओहम, आठच. दुसरी वॅट: आरएमएस किंवा कंटिन्युअस लिहिलेला आकडा धर, ३०० ते ४०० पुरे, पीक आणि प्रोग्रामचे आकडे दुप्पट-चौपट फुगवलेले असतात. तिसरी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. हिच्याकडे कुणी बघत नाही आणि पैसा इथेच वसूल होतो. ९४ आणि ९७ मधला फरक ३ डेसिबलचा दिसतो, पण तेवढा आवाज वाढवायला हेडची ताकद दुप्पट लागते. ९७ वालं कॅबिनेट २५० वॅटवर जे वाजेल त्यासाठी ९४ वाल्याला ५०० द्यावे लागतील. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा तर साधारण दहापट वॅट लागतात, म्हणून ५०० चं हेड विकून ८०० चं घ्यायचा विचारही करू नकोस. त्याऐवजी दुसरं कॅबिनेट जोडलंस की कोनचं क्षेत्रफळ दुप्पट, हेडही पूर्ण ताकदीला येतं, आणि खालच्या पट्टीत दोन्ही मिळून ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो.

दोन्ही एकमेकांवर उभी रच, शेजारी ठेवू नकोस. शेजारी ठेवली की समोरचा माणूस दोन पावलं सरकला तरी आवाज बदलतो. उभ्या रचण्याने वरचा स्पीकर तुझ्या कमरेच्या वर, कानाच्या जवळ येतो. गुडघ्याशी ठेवलेल्या कॅबिनेटचा वरचा आवाज पायांना ऐकू जातो. मग तू ट्रेबल आणि व्हॉल्यूम वाढवतेस, आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान जातात.

स्पीकर जातो दोन प्रकारे. एक, ताकद जास्त होऊन कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तापून जळते. दुसरा जास्त फसवा: वॅट मर्यादेत असतात, पण बेसचं बटण पूर्ण फिरवलेलं असतं. ४० हर्ट्झला १२ डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्टीत सोळापट ताकद मागणं. छिद्र असलेल्या कॅबिनेटमध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो आणि कॉइल मागे आपटते. टक-टक असा कोरडा आवाज आला की हात थांबव. हेडला हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा) असेल तर ३५ हर्ट्झच्या आसपास लाव.

जुनं घेणार असशील तर मल्टिमीटर घेऊन जा. ८ ओहमच्या कॅबिनेटच्या सॉकेटवर मीटर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो. ८ च दाखवला पाहिजे असं नाही, कारण तो डीसी रोध मोजतो. बहुतेक फोर बाय टेनमध्ये आठ-आठचे दोन स्पीकर सिरीजमध्ये आणि अशा दोन जोड्या पॅरलल असतात. एक स्पीकर तुटला की त्याचा जोडीदारही गप्प होतो आणि मीटर १२ च्या आसपास जातो. विकणारा म्हणेल, ‘वाजतंय की!’ वाजतं, पण अर्धंच. फ्रीजमध्ये मात्र बत्तीस ओहमचे आठ पॅरलल असतात, तिथे एक मेला तरी मीटर फारसा हलत नाही. प्रत्येक स्पीकरला कान लावूनच ओळखायचं.

नंतर ९ व्होल्टची बॅटरी स्पीकर केबलच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकव. प्लसला प्लस लावल्यावर सगळे कोन एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत. एखादा आत गेला तर कुणीतरी दुरुस्तीत वायरी उलट जोडल्यात, खालचा आवाज तिथेच मरतो. मग कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून सरळ आत ढकल. खरखर लागली तर कॉइल घासतेय. शेवटी मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा, मध्यम आवाजात. सैल जाळी, हँडल, फुटलेला जोड, सगळं एकेका ठिकाणी थरथरून स्वतःचा पत्ता सांगतं.

सुताराकडून बांधून घ्यायचं म्हणालीस, तेही होईल, पण स्पीकर आधी हातात हवा. त्याच्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे विनआयएसडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकून लिटर ठरव. बारा इंचीसाठी ६० लिटर निघाले असं धर. आतला व्यास १० सेंटिमीटर असलेला एक पीव्हीसी पाइप १० सेंटिमीटर लांब लावला तर ट्यूनिंग ४८ हर्ट्झच्या जवळ येतं. मोठ्या आवाजात एकच पाइप फुसफुसतो. दोन लावायचे तर प्रत्येक २७ सेंटिमीटर लांब लागेल, निम्मा नव्हे. इथे सुतार हमखास चुकतो. प्लाय १८ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन. एमडीएफ जड, कोपऱ्यांवर फुटतो आणि ओल लागली की फुगतो. आतून आडवी पट्टी, सगळ्या सांध्यांना गोंद आणि १० सेंटिमीटरवर स्क्रू. नुसत्या खिळ्यांवर बांधलेलं खोकं दोन महिन्यांत सांध्यातून शिट्टी मारतं.

केबल! गिटारची वायर हेडपासून कॅबिनेटला कधीच लावू नकोस. जॅक बसतो म्हणून लोक लावतात; आतली तार केसासारखी, तापते आणि शॉर्ट झाली तर हेड घेऊन जाते. दोन पदरी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घे, स्पीकॉनमध्ये (स्पीकरच्या खास प्लगमध्ये) १ प्लस आणि १ मायनसला जोड. पाच मीटरला जेमतेम ०.०७ ओहम पडतो.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात लोकांना बेस ऐकू जातो तो हेडच्या डीआयमधून, म्हणजे मिक्सरला थेट जाणाऱ्या जोडणीतून, मुख्य साउंडवर. तुझं कॅबिनेट तुझ्यासाठी आणि ड्रमवाल्यासाठी. तिथे एकच टू बाय टेन पुरतं. दोन्ही लागतील ते गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा गणपतीत, एखाद्या मंडळापुढे उघड्यावर, जिथे साउंडवाल्याकडे नुसते टॉप असतात. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत १ मीटरवर आली तर ८६ हर्ट्झच्या आसपास आवाज खड्ड्यात जातो, आणि ई तारेचा जीव नेमका तिथेच असतो. भिंतीला टेकवून बघ, मगच बटणांना हात लाव. पोकळ लाकडी स्टेज घुमू लागला तर खाली जाड फोम घाल. घरी सरावाला रात्री दहानंतर हेडफोन; कायदाही तेच सांगतो आणि वरच्या मजल्यावरचे काकाही.

रविवारी येताना हेड आणि मीटर घेऊन ये. होटगी रोडला एक टू बाय टेन आहे, आठ ओहमचं, फक्त ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) बंद आहे. ट्वीटर बदलता येतो. बाकीचे दोन कोन तपासून मगच बोलणी करू.

तुझे,
बाबा

ता. क. कव्हर विकत घेऊ नकोस. जुनी जाड चादर कपाटात आहे, आई शिवून देईल. मात्र मे महिन्यात कॅबिनेट बंद गाडीत ठेवू नकोस, कोनच्या कडेचा गोंद सुटतो.